जास्तीची ओळ

१

ताईचा दिवस हजेरीने सुरू व्हायचा. हजेरी माणसांची नव्हे, मॉड्यूलची. मॉड्यूल म्हणजे नखाएवढी एक पाटी, तिच्यावर एक चिप आणि कडेला तांब्याची नागमोडी रेघ. ही पाटी घड्याळात बसते, दाराच्या कुलपात बसते, पाण्याच्या मीटरमध्ये बसते आणि आयुष्यभर एकच काम करते. ‘मी आहे, मी आहे’ असं हवेतून सांगत राहते. ते सांगणं कितपत ऐकू येतं हे तपासायचं काम ताई चौदा वर्षं करत होती. घरी धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, ते ऐकून कामावरचेही म्हणायला लागले, आणि आता पगाराच्या कागदाखेरीज तिचं नाव कुठे उरलं नव्हतं.

तपासणी व्हायची ती मुक्या खोलीत. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सहाही बाजूंनी पत्रा. पत्र्यावर आतून निळ्या फोमचे टोकदार सुळके, भिंतींना आणि छतालासुद्धा. दार लावलं की बाहेरची एक लहर आत यायची नाही, आतली बाहेर जायची नाही. फोन मरायचा. आवाजही तसाच मरायचा. नवखा माणूस दोन मिनिटांत बाहेर यायचा आणि उगीचच मोठमोठ्याने बोलत सुटायचा.

आत ट्रेमध्ये चाळीस मॉड्यूल ठेवायची, दार लावायचं, बाहेरच्या पडद्यावर चाळीस ओळी मोजायच्या. कधीमधी एकेचाळीस यायच्या. ती जास्तीची ओळ म्हणजे यंत्राचा भास, आधीच्या लॉटची शिळी नोंद. तिच्यासाठी ताईनेच नियम केला होता : जास्तीची ओळ वाचत बसायचं नाही, खोडायची. वाचत बसलं की दिवस वाया जातो.

त्या आठवड्यात बुधवारी एक जास्तीची ओळ आली. गुरुवारी आली. शुक्रवारीही आली. ताईने तिन्ही खोडल्या, आकड्याकडे न बघता. एरवी एवढ्या लागोपाठ आल्या असत्या तर तिचे कान टवकारले असते. पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सोमवारपासून तिची आई हरवली होती.

२

आईला विसर पडत चालला होता. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. आता ती ताईला ‘बाई’ म्हणायची, अहोजाहो करायची. घरात चालताना डावा हात भिंतीवरून फिरवत जायची, म्हणजे वाट चुकत नाही. बोळातल्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर त्या हाताचा तपकिरी पट्टा उमटला होता.

म्हणून ताईने तिच्यासाठी मनगटी पट्टा बनवला. अजून बाजारात न आलेलं नवं मॉड्यूल त्यात स्वतः डाख देऊन बसवलं. त्याला हाक दिली की पट्टा मनगटावर गुरगुरायचा, आणि आईने बटण दोनदा दाबायचं. महिनाभर शिकवलं. आईला मीठ आणि साखर यांतला फरक सांगता येत नव्हता, पण पट्टा गुरगुरला की दोनदा दाबायचं हे मात्र ती विसरली नाही. दाबल्यावर विचारायची, "बाई, बरोबर ना?" ताईला त्या वेळी रडू यायचं आणि हसूही.

सोमवारी आईला सांभाळणारी बाई आली नाही. ताई आईला कामावर घेऊन गेली. पट्ट्याची एकदा शांतपणे तपासणी करावी म्हणून तिने आईला मुक्या खोलीत स्टुलावर बसवलं.

"दोनच मिनिटं बस हं आई. मी दाराबाहेरच आहे."

"बाई, इथं फार गप्प आहे हो," आई म्हणाली.

ताईने दार लावलं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, बोलता बोलता ती जिन्यापर्यंत गेली, आणि दोनाची वीस मिनिटं झाली. परत येऊन दार उघडलं तर स्टूल रिकामं.

दार आतून ढकललं की उघडायचं. फाटकावरचा माणूस चहाला गेला होता. तेव्हा आई उठून बाहेर पडली असणार, यात कुणाला शंका आली नाही. ताईलाही नाही. फक्त तिने सगळ्यांना सांगितलं की आईला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती, त्यामुळे हे एवढंसं खोटं तिच्या नरड्यात हाडासारखं अडकून बसलं.

मंगळवारी ती रस्तोरस्ती फिरली. बुधवारपासून कामावर आली, ती गच्चीवरच्या मोठ्या अँटेनासाठी. पट्ट्याची हाक जिथून येईल तिथे धावायचं, एवढा एकच विचार. मॉड्यूलची तपासणी नुसती हातांनी चालू होती. अँटेनावर अख्खं शहर ऐकू येत होतं, आणि आई तेवढी नव्हती.

३

रविवारी आई सापडली. बसथांब्याच्या बाकावर बसली होती, पदर नीट, निऱ्या चापूनचोपून. धाकट्याला बघून म्हणाली, "केवढा वाळलास रे! जेवतोस की नाही?"

तिने त्याला त्याच्या नावाने हाक मारली. दीड वर्षानंतर.

घरी येईपर्यंत आईला सगळं आठवायला लागलं होतं. शेजारणीच्या नातवंडांची नावं, गॅसचा नंबर, ताईच्या पहिल्या शाळेतल्या बाईंचा आवाज. सहा दिवस कुठे होती हे मात्र सांगता येईना. मनगट मोकळं होतं. "पट्टा? कसला पट्टा?" ती म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "कधीकधी सुधारणा होते. कारण विचारू नका, आनंद माना."

धाकटा लहान मुलासारखा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. ताईही रडली. तिच्या छातीवरचा धोंडा खरंच उतरला होता. रात्रीचं जेवण तिने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर केलं.

ताट उचलून आई बोळातून स्वयंपाकघरात गेली. ताईने सहज मान वळवून बघितलं. आई बोळाच्या बरोबर मधून चालत होती, दोन्ही हात ताटाला. भिंतीकडे तिने बघितलंही नाही. बरी झाली, मग भिंत कशाला धरेल, ताईने स्वतःला सांगितलं. सांगावं लागलं, एवढंच तिला खटकलं.

४

सोमवारी हजेरी घेतली तर एकेचाळीस.

ताईचं बोट खोडायच्या बटणावर गेलंच होतं. पण आज मन हलकं होतं, आणि हलक्या मनाचा माणूस जरा रिकामटेकडा होतो. तिने ओळ वाचली. मॉड्यूलच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे सात, दोन, सात.

तिच्या हाताखाली मामा होते. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तिचा चेहरा बघून ते जवळ आले.

"काय झालं?"

"हा आईचा पट्टा आहे, मामा. मीच बसवलेला."

मामा हसले. "घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत कुठेतरी पडला असेल फोममागे."

दोघांनी दार उघडलं, सुळक्यांच्या फटी चाचपल्या, ट्रे उलटा केला, स्टुलाखाली बॅटरी मारली. काही नाही. बाहेर येऊन बघितलं तर ओळ गेलेली. दार लावलं, ओळ आली. पुन्हा उघडलं, गेली. दार बंद असतानाच ती खोली सात-दोन-सातला ऐकू शकत होती.

ताई हिशेबी बाई. तिने पुढचे रकाने वाचले. बॅटरी चौदा टक्के. तापमान एकतीस. हे तापमान कातडीचं. पट्टा मनगटावर नसला तर तो रकाना कोरा राहतो. पावलं एकसष्ट हजार चारशे नऊ.

ती बघत होती तोवर दहा झाली. मग अकरा.

अंतराच्या रकान्यात सहा पूर्णांक आठ मीटर होतं. खोली तीन मीटरची.

"मशीन खुळावलंय," मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

ताईने खोडलेल्या नोंदी उघडल्या. खोडलं तरी यंत्र महिनाभर जपून ठेवतं. बुधवार : एक मीटर. ती ओळ खोडली. गुरुवार : दोन पूर्णांक तीन. खोडली. शुक्रवार : चार पूर्णांक एक. तीही खोडली. बुधवारी तापमान चौतीस होतं.

तिने हाक पाठवली. पडदा गप्प राहिला. मामा पडद्याकडे वाकले. मग ओळीच्या शेवटी एक टिंब उमटलं. आणि जरा वेळाने दुसरं.

दोनदा दाबलं होतं.

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ताई, खोडून टाका ती ओळ. मला नाही बघवत. आई घरी सुखरूप आहेत ना तुमच्या? मग झालं तर."

"मामा, मी तिला आत बसवलं होतं. बाकावर नाही. या खोलीत."

चहाचं निमित्त काढून मामा बाहेर गेले आणि तासभर आलेच नाहीत.

५

घरी ताईने आईला हळूहळू विचारायला सुरुवात केली. स्वतःची लाज वाटत होती, पण राहवत नव्हतं.

"आई, माझ्या भुवईवरची खूण कसली गं?"

"पाळण्याच्या कडीची. नऊ महिन्यांची होतीस. डाव्या भुवईला तीन टाके पडले."

"आणि बाबा गेले तेव्हा मी कुठे होते?"

"परीक्षेला. पेपर अर्धा टाकून आलीस. निळी ओढणी होती."

सगळं बरोबर होतं. कुठे अडखळणं नाही, ‘थांब गं, आठवते’ नाही. आई चांगली असतानाही वर्षं चुकवायची, माणसांची अदलाबदल करायची आणि वर भांडायची. ही चुकत नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती, ताईने स्वतःला दटावलं. आई बरी झाली आणि तू तिची उलटतपासणी घेतेस?

धाकट्याने तेच उघड विचारलं. "ताई, तुला आई बरी झालेली बघवत नाही का?"

तिला ते फार लागलं. आणि लागलं म्हणूनच तिने खरं सांगून टाकलं, मुकी खोली, वीस मिनिटं, सगळं. फक्त ओळीचं सोडून.

धाकटा उभा राहिला. "तू आईला पत्र्याच्या खोलीत कोंडलंस? आणि आम्हाला बाक सांगितलास? मी सहा दिवस त्या बाकापासून गल्ल्या शोधत होतो, ताई!"

"जाऊ दे रे," आई मध्येच म्हणाली. ती निवांत बसली होती. "आले ना मी घरी?" मग ताईकडे वळून तिने तिच्या गालावरून हात फिरवला. हात उबदार होता. "जास्तीचं काही ठेवू नये गं. काढून टाकावं. इतके दिवस काढतच होतीस की."

धाकट्याने ते बोलणं ऐकलंच नाही. तो आईसाठी पाणी आणायला गेला होता.

६

मंगळवारी बॅटरी पाच टक्के, तापमान एकोणतीस, अंतर नऊ मीटर. हाकेला उत्तर यायला चार मिनिटं लागली. दोन टिंबांत मोठी फट होती, थकलेल्या बोटाने दाबावं तशी. ताईने पुन्हा हाक दिली नाही. गुरगुरण्याने बॅटरी खर्च होते.

एक मन म्हणत होतं, तुला भ्रम झालाय, रजा घे, झोप काढ. दुसरं काही म्हणतच नव्हतं. ते फक्त पावलं मोजत होतं. आठवडाभर चालतेय. थंडीत. भिंत धरून. आणि आपण तीन वेळा तिला पुसून आणखी लांब ढकललं.

पाच टक्के म्हणजे आजचा दिवस. उद्या ती ओळही दिसणार नाही.

सकाळी ती निघताना आई दारापर्यंत पोचवायला आली होती. ताईच्या खांद्यावरची ओढणी तिने सारखी केली आणि म्हणाली, "ये सावकाश. सहा दिवस लागले तरी मी वाट बघेन." ताई मागे न बघता जिना उतरली.

जेवणाच्या सुट्टीत मामा डबा घेऊन खाली गेले. त्यांना सांगावं असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी अडवलं असतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा गप्प राहणं सोपं जातं. तिने चाळीस मॉड्यूलचा ट्रे आतच राहू दिला. नमुन्याचा एक पट्टा आपल्या मनगटाला बांधला, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर आतल्या छोट्या पडद्यावर कळेल. तो पडदा वायरीने बाहेरच्या पडद्याला जोडलेला होता. बाहेर जे दिसायचं तेच आत दिसायचं.

दोनच मिनिटं, ती स्वतःशी म्हणाली, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

७

आवाज मेला. भर दुपार होती, डोक्यावर दिवा होता, आणि तिला स्वतःचं रक्त कानात ऐकू येत होतं. पडद्यावर बेचाळीस ओळी. एक तिची, एक आईची. अंतर नऊ.

"आई," ती म्हणाली. शब्द ओठांपाशीच गळून पडला.

मग आठ पूर्णांक सहा.

उजव्या भिंतीकडे तिचं लक्ष गेलं. लांबच्या टोकाला, कमरेएवढ्या उंचीवर, एक सुळका वाकला. हळूहळू सरळ झाला. तोवर त्याच्या शेजारचा वाकला. मग त्याच्या पुढचा. कुणीतरी भिंतीवरून हात फिरवत यावं, तसे ते ओळीने वाकत होते आणि मागे सरळ होत होते. खोली तीन मीटरची होती, पण ते टोक कुठे संपतं हे ताईला दिसेना. निळ्यामागे निळं होतं.

सहा. चार पूर्णांक एक. दोन पूर्णांक तीन.

तिच्या जवळचा सुळका वाकला आणि तसाच राहिला. ताईने त्या बाजूला नीट बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही, आणि बघितलं तर ते नसेल याची भीती त्याहून मोठी होती. तिने नुसता हात पुढे केला. बर्फासारखी गार बोटं तिच्या बोटांत आली. करंगळी वाकडी होती, आईची होती तशी. घरची आई परत आल्या दिवसापासून ताईने तिची करंगळी एकदाही बघितली नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"बाई," अगदी जवळून आवाज आला, घोगरा, दमलेला. "मी दाबलं हो दरवेळी. दोनदा. बरोबर ना?"

"बरोबर, आई. एकदम बरोबर." ताईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "माझीच चूक झाली. चल. घरी जाऊ."

"लांब आहे का?"

"नाही गं. हे काय दार."

तिने दुसऱ्या हाताने दार ढकललं. हाताला फोम लागला. तिने आणखी जोर केला. सुळके दबले, आणि त्यांच्यामागे पत्रा लागला नाही. मागेही सुळकेच होते.

पडद्यावर काहीतरी हललं. बाण होता, पांढरा, एवढासा. बाहेर मामा डबा खाऊन आले होते आणि खुर्चीत बसले होते. बाण ओळींवरून खाली आला, मोजत मोजत. चाळीसच्या खाली आला आणि थांबला.

"मामा!" ताई ओरडली. ओरडणं फोमने पिऊन टाकलं. तिने मनगटावरचं बटण दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. पुन्हा, पुन्हा. तिच्या ओळीपुढे टिंबांची रांग लागली. मामांनी एकदा वाचलं असतं तर! पण मामांना कालपासून ती ओळ बघवत नव्हती, आणि नियम त्यांना तोंडपाठ होता. चौदा वर्षांत ताईने तो त्यांच्याकडून शंभरदा घोकून घेतला होता.

सात-दोन-सात गेली.

बोटं तिच्या हातातून ओढल्यासारखी निसटली. तिने मूठ मिटली तोवर मुठीत काही नव्हतं. "बाई...?" आवाज आला, आता खूप लांबून, आणि त्यात पहिल्यांदाच भीती होती.

बाण तिच्या ओळीवर आला. क्षणभर थबकला.

चाळीस ओळी राहिल्या. हजेरी पुरी झाली.

मग पडदाही लांब गेला, ट्रे लांब गेला, दिव्याखालचा उजेड मागे कुठेतरी राहिला. घरी सहा दिवसांनी कुणीतरी जिना चढेल, आई दार उघडेल, धाकटा आनंदाने रडेल. ताईला ते सगळं स्वच्छ दिसलं आणि त्याचा उपयोग नव्हता. समोर कुठेतरी एक म्हातारी बाई गारठ्यात एकटी उभी होती, आणि तिची बॅटरी संपत आली होती.

"आई, आहेस तिथेच थांब," ती म्हणाली. "मी येतेय." तिने डावा हात भिंतीला लावला आणि चालायला लागली.